हुपरीहून फ्लॉरेन्सला, ज्येष्ठांच्या पावलांनी

घरातील मुले परदेश-सहलीची गोष्ट काढतात, तेव्हा वडीलधाऱ्यांचे उत्तर बहुधा ठरलेले असते : "तुम्ही जाऊन या. आमचे काय आता!" या वाक्यात त्याग किती आणि भीती किती, हे विचारून पाहण्याची तसदी फार थोडी घरे घेतात. कुणाला गुडघ्याची भीती असते, कुणाला वारंवार लघवीस जावे लागण्याचा संकोच असतो, तर कुणाला आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होईल ही चिंता असते. यांपैकी बहुतेक अडचणींना उपाय आहेत. मात्र ते निघण्यापूर्वी दोन-तीन महिने आधी योजावे लागतात. सहलीचा आराखडा स्थळांच्या यादीवरून न आखता घरातील सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाच्या पावलावरून आखावा, एवढे एक सूत्र पाळले तर बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात.

हे सूत्र समजून घेण्यासाठी एक नेमके उदाहरण घेऊ. हुपरीतील एक कुटुंब इटलीतील फ्लॉरेन्स शहरी आठवडाभरासाठी निघाले आहे, असे समजू. आजोबांनी आणि आजींनी उभे आयुष्य चांदीच्या कामात घालवले आहे. फ्लॉरेन्सच का, याला दोन सबळ कारणे आहेत.

चांदीच्या गावाला सोनारांच्या शहराची ओळख

पैंजण, तोडे, घुंगरू ही हुपरीची ओळख. इथे घराघरांत तार ओढली जाते, कड्या जोडल्या जातात, झाळकाम होते आणि दागिन्याला उजळा दिला जातो. घरातील स्त्रियांचा हात या कामात बरोबरीने असतो. अशा घरातील ज्येष्ठांसाठी फ्लॉरेन्स हे परके शहर नाही. तेथील महामंदिराचा जगप्रसिद्ध घुमट उभारणारा फिलिप्पो ब्रुनेलेस्की हा मूळचा सोनार. त्याच्यासमोरच्या बाप्तिस्मागृहाची सोनेरी दारे घडवणारा लोरेन्झो गिबेर्ती हाही सोनारकामातच तयार झालेला. १४०१ साली या दारांच्या कामासाठी स्पर्धा झाली, तेव्हा दोघांनीही आपापला ब्राँझचा नमुना सादर केला होता. ते दोन्ही नमुने आज बार्जेल्लो संग्रहालयात पाहावयास मिळतात.

आर्नो नदीवरील पोन्ते वेक्किओ, म्हणजे जुना पूल, १३४५ साली आजच्या रूपात उभा राहिला. त्यावर पूर्वी खाटकांची दुकाने होती. १५९३ साली फर्दिनांदो पहिला या राज्यकर्त्याने तेथे केवळ सोनार-जवाहिऱ्यांना जागा देण्याचा हुकूम काढला. आजही त्या पुलावर दुतर्फा दागिन्यांचीच दुकाने आहेत. नातवंडे तेथे छायाचित्रे काढतील. साखळीची कडी कशी जोडली आहे, सांधा कुठे झाळला आहे, हे मात्र आजोबाच सांगू शकतील. ज्येष्ठ माणूस सहलीत सांभाळण्याचे ओझे नसून जाणता सोबती ठरावा, यासाठी त्याच्या आयुष्याशी नाते असलेले ठिकाण निवडावे. वारकरी घरातील आजींना, शेतकरी आजोबांना, निवृत्त शिक्षकांना अशीच आपापली ठिकाणे सापडतील.

कोल्हापूरची एक आठवण आर्नोच्या काठी

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या प्रवासास गेले. इंग्लंड पाहून परत येताना ते फ्लॉरेन्स येथे आजारी अवस्थेत होते, आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे एकविसावे वर्ष चालू होते. त्या काळी इटलीत दहनाची रीत नव्हती. तरीही शहराच्या अधिकाऱ्यांनी विशेष परवानगी दिली, आणि आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर महाराजांचे अंत्यसंस्कार हिंदू रीतीने झाले. १८७४ साली त्या जागी छत्री उभी राहिली आणि तिच्याखाली महाराजांचा अर्धपुतळा बसवण्यात आला. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे वास्तुकारही तेच. महाराजांनी या प्रवासात लिहिलेली रोजनिशी १८७२ साली इंग्लंडात ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. कासिने उद्यानाच्या पश्चिम टोकाशी ही छत्री आजही आहे, आणि जवळचा मोठा पूल तेथील लोक 'इंदियानो' याच नावाने ओळखतात.

आरोग्याच्या पाक्षिकात ही आठवण सांगण्यामागे हेतू आहे. परदेशात आजार वय पाहून येत नाही. तरुण माणूसही तेथे गंभीर आजारी पडू शकतो आणि पंचाहत्तरीचा माणूस सुखरूप फिरून येऊ शकतो. फरक पडतो तो तयारीने. १८७० साली दूरध्वनी नव्हता, प्रतिजैविके नव्हती. आज ही साधने आपल्या हाताशी आहेत. ती वापरणे हे कुटुंबाचे कर्तव्य आहे.

निघण्यापूर्वी : वैद्यकीय तयारी

प्रवासाच्या दोन महिने आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटावे आणि प्रवासाचा बेत स्पष्ट सांगावा. विमानाच्या आतील हवेचा दाब सुमारे सहा ते आठ हजार फूट उंचीवरील हवेइतका असतो. निरोगी माणसाला याचा त्रास जाणवत नाही. मात्र तीव्र रक्तक्षय, दमा किंवा फुप्फुसांचा जुना आजार, नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर डॉक्टरांच्या संमतीशिवाय तिकीट काढू नये. डोळ्याच्या पडद्यावरील शस्त्रक्रियेत आत वायू भरला असल्यास तो पूर्ण विरघळेपर्यंत विमानप्रवास कटाक्षाने टाळावा. दृष्टी जाण्याचा धोका असतो.

औषधांची चिठ्ठी इंग्रजीत, आणि औषधांच्या मूळ नावांनी लिहून घ्यावी. आपल्याकडील कंपन्यांची नावे तेथील औषधविक्रेत्यास कळत नाहीत. मुक्कामापेक्षा किमान एक आठवडा अधिक पुरतील इतकी औषधे मूळ वेष्टनात घ्यावीत आणि ती सर्व हातातील पिशवीत ठेवावीत. मोठे सामान चुकीच्या विमानतळावर गेले, तरी रक्तदाबाची गोळी चुकता कामा नये. इन्सुलिन तर मोठ्या सामानात कधीच टाकू नये, कारण विमानाच्या तळघरातील थंडीने ते गोठून निकामी होऊ शकते.

भारत आणि इटली यांच्या वेळेत उन्हाळ्यात साडेतीन तासांचा, तर हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो. पश्चिमेकडे जाताना दिवस तेवढा लांबतो. इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधे, अपस्माराची औषधे यांच्या वेळा कशा बदलावयाच्या, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. हे गणित घरातल्या घरात करू नये.

आयुष्यभर मांडी घालून, मान खाली घालून बारीक काम केलेल्या माणसाचे गुडघे, कंबर, मान आणि डोळे आधी तपासून घ्यावेत. चष्म्याचा जादा जोड, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, कवळी ठेवण्याची डबी या लहान वस्तू परक्या शहरात फार मोठ्या वाटतात.

कागदपत्रे आणि विमा

इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. त्यासाठीच्या प्रवास-विम्याचे वैद्यकीय संरक्षण किमान ३०,००० युरो असावे लागते. ज्येष्ठांनी केवळ ही अट पूर्ण करणारा स्वस्त विमा घेऊ नये. आधीपासून असलेला मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांतून उद्भवलेल्या तातडीच्या प्रसंगी विमा लागू होतो काय, हे पाहावे आणि अर्जात एकही आजार लपवू नये. लपवलेला आजार पुढे दावा नाकारण्याचे कारण ठरतो.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात. तार, कानस आणि आगीशी आयुष्यभर झटलेल्या बोटांवरच्या रेषा पुष्कळदा पुसट झालेल्या असतात. आधार कार्डाच्या वेळी ज्यांना ही अडचण आली असेल, त्यांनी अर्ज केंद्रावर सुरुवातीलाच तसे सांगावे. भेटीपूर्वीचे काही दिवस हातांना खोबरेल तेल लावून त्वचा मऊ ठेवावी. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणून शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नये.

शरीराची तयारी आजपासून

युरोपातील जुन्या शहरांत पायी चालण्यास पर्याय नसतो. फ्लॉरेन्सचा मध्यभाग सपाट आहे, ही समाधानाची गोष्ट. पण रस्ते दगडी फरशांचे, काही ठिकाणी उंचसखल, आणि पावसात निसरडे असतात. प्रवासाच्या आठ आठवडे आधी रोज सकाळी चालण्यास आरंभ करावा. आज जेवढे सहज चालता येते तेवढ्यापासून सुरुवात करून दर आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवावीत. खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणे आणि बसणे, हा साधा व्यायाम मांड्यांना बळ देतो. गुडघ्याचे दुखणे असेल तर तो भौतिकोपचारतज्ज्ञास विचारून करावा.

पादत्राणांबाबत भावनेस बळी पडू नये. कोल्हापुरी पायताण हा आपला अभिमान आहे, पण ओल्या दगडावर ते घसरते आणि घोट्याला आधार देत नाही. मागून बंद, न घसरणाऱ्या तळाचे बूट घ्यावेत आणि निघण्यापूर्वी महिनाभर वापरून ते पायाला सरावाचे करावेत. मधुमेही व्यक्तीचे तळपाय रोज रात्री घरातील कुणीतरी उजेडात पाहावेत. बधिर पायाला फोड आल्याचे कळत नाही आणि लहान जखम पुढे चिघळते. काठी वापरण्याचा संकोच असणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावी : गर्दीत काठी दिसली की लोक वाट देतात.

ऋतूही विचारपूर्वक निवडावा. जुलै-ऑगस्टमध्ये फ्लॉरेन्स चांगलेच तापते. २००३ च्या उन्हाळ्यात उष्णतेच्या लाटेने युरोपात हजारो माणसे दगावली आणि त्यांत वृद्धांचे प्रमाण मोठे होते. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ ज्येष्ठांना मानवतो.

प्रवास विमानतळावर सुरू होत नाही

हुपरीकरांचा प्रवास घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो. कोल्हापूरहून मुंबई सुमारे चारशे किलोमीटर. रात्रभर गाडीने येऊन त्याच दिवशी विमानात बसणे तरुणांनाही दमवते. ज्येष्ठांनी मुंबईत एक रात्र विश्रांती घ्यावी आणि मगच पुढे निघावे. मुंबईहून फ्लॉरेन्सला जाताना वाटेत विमान बदलावे लागते. दोन विमानांमध्ये किमान तीन तास राखावेत. चाकांच्या खुर्चीची विनंती तिकीट काढतानाच, आणि काही झाले तरी ४८ तास आधी नोंदवावी. युरोपीय विमानतळांवर ही सेवा विनामूल्य आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

चार तासांपेक्षा अधिक काळ एका जागी बसल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दर तासा-दीड तासाने उठून चालावे, बसल्या जागी घोटे वर-खाली करावेत, पाणी पीत राहावे. स्वच्छतागृहात जावे लागेल म्हणून पाणी तोडणे हा ज्येष्ठांचा नेहमीचा आणि धोक्याचा उपाय आहे. त्याऐवजी मार्गिकेलगतची जागा मागून घ्यावी. लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून बदलता येते. झोपेची गोळी घेऊन विमानात निश्चल पडून राहू नये, आणि ऐकीव माहितीवर ॲस्पिरिनही घेऊ नये. उतरल्यानंतर एका पायाच्या पोटरीस सूज किंवा वेदना, अथवा अचानक धाप लागणे जाणवल्यास त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी.

दिवसाला एकच मोठे स्थळ

फ्लॉरेन्समध्ये पाहण्याजोगे इतके आहे की घाई करणाऱ्याच्या हाती थकव्याखेरीज काही लागत नाही. सकाळी एक स्थळ, दुपारी जेवण व झोप, संध्याकाळी एखाद्या चौकात निवांत बसणे, हा क्रम ज्येष्ठांना झेपतो.

पहिला दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवावा. दुसऱ्या दिवशी महामंदिराचा चौक पाहावा. घुमटावर जाण्यास ४६३ पायऱ्या आहेत आणि उद्वाहक नाही. शेजारच्या जॉत्तोच्या मनोऱ्यास ४१४ पायऱ्या आहेत. तरुणांनी वर जावे. ज्येष्ठांनी त्या वेळी महामंदिराच्या मागील संग्रहालयात गिबेर्तीची मूळ सोनेरी दारे निरखावीत. १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षे एका कामावर खर्च करणाऱ्या कारागिराची कदर हुपरीच्या कारागिराइतकी कोण करील? तिसऱ्या दिवशी जुना पूल आणि नदीकाठ. चौथ्या दिवशी बार्जेल्लो. पाचव्या दिवशी उफ्फिझी आणि अकादेमिया यांपैकी एकच निवडावे. अकादेमियात मायकेलअँजेलोचा पाच मीटरहून उंच 'डेव्हिड' आहे. उफ्फिझीत असंख्य दालने आहेत, त्यांपैकी चार-पाच मनापासून पाहावीत. दोन्ही संग्रहालये सोमवारी बंद असतात. वेळेचे तिकीट आधीच काढल्यास रांगेत उभे राहावे लागत नाही, आणि चाकांची खुर्ची मिळण्याविषयी तेव्हाच विचारता येते. सहाव्या दिवशी राजाराम महाराजांच्या छत्रीपाशी जावे. उद्यान लांबच लांब आहे, म्हणून छत्रीजवळपर्यंत टॅक्सी करावी.

फ्लॉरेन्समध्ये कलाकृती पाहताना चक्कर येण्याला एक खास नावही आहे. फ्रेंच लेखक स्तांदाल १८१७ साली सांता क्रोचे चर्चमधून बाहेर पडताना भारावून गेला आणि त्याला तोल जाईल असे वाटले. पुढे तेथील मानसोपचारतज्ज्ञ ग्राझिएल्ला माघेरिनी यांनी अशा पर्यटकांचा अभ्यास करून त्या अवस्थेस 'स्तांदाल लक्षणसमूह' असे नाव दिले. गोष्ट मनोरंजक आहे. परंतु आपल्या आजोबांना चक्कर आली तर ती कलेमुळे आली असे समजू नये. आधी त्यांना बसवावे, पाणी द्यावे, साखर तपासावी, दुपारची गोळी व जेवण झाले का ते पाहावे. चेहरा एका बाजूस झुकणे, हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसल्यास क्षणभरही न थांबता ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. हा क्रमांक संपूर्ण युरोपीय संघात तातडीच्या मदतीसाठी आहे. महामंदिरापासून थोड्याच अंतरावर सांता मारिया नुओवा हे रुग्णालय आहे. १२८८ साली स्थापन झालेले हे रुग्णालय आजही रुग्णसेवा करीत आहे. किरकोळ तक्रारीसाठी हिरव्या क्रॉसची खूण असलेले औषधांचे दुकान शोधावे.

आहार, स्नानगृह आणि झोप

बाहेरून युरोपीय संघात मांस व दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे. त्यामुळे तूप, पेढे, खव्याचे पदार्थ घरीच ठेवावेत. मेतकूट, भाजलेले पोहे, राजगिऱ्याचे लाडू, चटणी चालतात. फ्लॉरेन्सचे घरगुती जेवण ज्येष्ठांच्या दातांना आणि पोटाला बरेच मानवते. 'रिबोल्लिता' हे भाज्या, घेवड्याचे दाणे आणि शिळा पाव यांचे दाट कालवण, तर 'पाप्पा अल पोमोदोरो' हा टोमॅटोत शिजवलेला मऊ पाव. मात्र रस्सा मांसाचा नाही ना, हे विचारून घ्यावे. तेथील पारंपरिक पाव मिठाविना भाजतात, ही रक्तदाबाच्या रुग्णास अनुकूल गोष्ट. जैन आणि काटेकोर शाकाहारी कुटुंबांनी लक्षात ठेवावे की पार्मेजान चीज बनवताना वासराच्या जठरातील विरजण वापरतात. तेथे रात्रीची जेवणे उशिरा सुरू होतात. मधुमेही व्यक्तीच्या खिशात साखरेचे तुकडे व बिस्किटे असलीच पाहिजेत.

सहलीतील पुष्कळ अपघात रस्त्यावर न होता स्नानगृहात होतात. खोली ठरवताना इमारतीस उद्वाहक आहे का आणि उंच कडेच्या टबाऐवजी सपाट जमिनीवरील शॉवर आहे का, हे आधी विचारावे. रात्री स्वच्छतागृहाचा दिवा चालू ठेवावा. आपल्या सवयीच्या दृष्टीने इटलीत एक सोय आहे : १९७५ च्या नियमानुसार तेथील घरांत शौचकूपाशेजारी धुण्यासाठी बिडे असते, आणि हॉटेलांतही ते बहुधा आढळते.

विसरभोळेपणा सुरू झालेल्या व्यक्तीस नवी खोली, नवी भाषा आणि बदललेली वेळ यांमुळे संध्याकाळी गोंधळल्यासारखे होते. तिच्या खिशात मुक्कामाचा पत्ता व मुलांचे दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद असावा. घरची चादर, देवाची छोटी तसबीर, रोजची चहाची वेळ यांनी मन स्थिर राहते. स्मृतिभ्रंश बराच वाढलेला असेल, तर अशी सहल त्या व्यक्तीस सुख देण्याऐवजी क्लेश देते. तेथे न जाणे हाच प्रेमळ निर्णय होय.

काळजी घेणाऱ्यांसाठी दोन शब्द

सुनेने किंवा मुलीने सात दिवस आजींचा हात धरायचा आणि इतरांनी फिरायचे, याला कुटुंबाची सहल म्हणता येत नाही. ज्येष्ठांसोबत राहण्याच्या पाळ्या निघण्यापूर्वीच वाटून घ्याव्यात, आणि त्यांत मुलगा व जावई यांचीही नावे असावीत. प्रत्येकाच्या वाट्याला किमान एक मोकळा अर्धा दिवस यावा. थकलेला सोबती चिडतो, आणि त्याची चिडचिड ज्येष्ठांना गुडघेदुखीपेक्षा अधिक बोचते.

ज्येष्ठांनीही आपल्याकडून एक पथ्य पाळावे. दुखत असेल तर दुखते असे सांगावे. दमलो असे म्हणावे. मुलांचा विरस होऊ नये म्हणून सोसलेला त्रास शेवटी सर्वांचीच सहल थांबवतो.

तेव्हा पुढच्या वेळी घरात प्रवासाची गोष्ट निघाली आणि "आमचे काय आता" हे शब्द ऐकू आले, की तेथेच बसावे आणि विचारावे : नेमके काय अडते? गुडघा, खर्च, लघवी, जेवण, की केवळ संकोच? उत्तरांची यादी करून ती डॉक्टरांकडे न्यावी. तपासणीनंतर डॉक्टरांनी नको म्हटले, तर तो सल्ला शांतपणे मानावा. आपल्या राज्यातील जवळचे ठिकाण याच सूत्राने पाहावे. आणि त्यांनी होकार दिला, तर उद्या सकाळी आजोबांसोबत गावाच्या रस्त्यावर पंधरा मिनिटे चालून यावे. सहलीची खरी सुरुवात तीच.